उथळ पाण्याचं खोल शास्त्र

शहरातल्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या खोल बाजूला काठावर एक आकडा रंगवलेला असतो. कुठे तीन मीटर, कुठे साडेतीन. दहा मीटर उंच मनोऱ्यावरून सूर मारायची सोय असेल तर पाचच्या आसपास. समुद्राच्या हिशेबात हे पाणी खिजगणतीतही नाही. त्यामुळे पाठीवर हवेचं सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, डोळ्यांवर मास्क आणि पायांत फिन्स अशा जामानिम्यात चार माणसं त्यात उतरू लागली, की काठावरच्या पोरांना हसू आवरत नाही. डुबकी मारून तळाची फरशी शिवून येता येते, तिथे एवढा सरंजाम कशाला?

हसण्याआधी एक गणित करून पाहावं. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर हवेचा साधारण एक बार दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका बारची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दोन, तीसवर चार, चाळीसवर पाच. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला आणि आपण सगळे शाळेत घोकलेला नियम सांगतो, की दाब दुप्पट झाला तर हवेचं आकारमान निम्मं होतं. तोंड बांधलेला फुगा पाण्याच्या पृष्ठभागावरून दहा मीटर खाली नेला, तर तो निम्मा उरतो. तोच फुगा तीस मीटरवरून चाळीसवर नेला, तर जेमतेम एक पंचमांशानं आक्रसतो. अंतर तेवढंच, पण पहिल्या दहा मीटरांत होते तेवढी उलथापालथ पुढच्या कुठल्याच दहांत होत नाही. त्यातही वरचे पाच मीटर सगळ्यात तापट. फुग्याचा एक तृतीयांश भाग तेवढ्यातच नाहीसा होतो.

माणसाच्या शरीरात असे फुगे आहेत: दोन फुप्फुसं, दोन्ही कानांचे मध्यभाग आणि कपाळ-गालांमागच्या सायनसच्या पोकळ्या. त्यामुळे दाबाचा कायदा आपल्याला सगळ्यात कडकपणे लागू होतो तो खोल, काळोख्या समुद्रात नव्हे, तर नगरपालिकेच्या निळ्या फरशीवरच्या पाण्यात. स्कूबा डायव्हिंगचं शिक्षण तलावात सुरू होतं, कारण तिथे लाटा नसतात, प्रवाह नसतो, तळ दिसतो. सोय खरीच. पण तिथे जी चार-सहा कौशल्यं घोटून घेतात, ती नेमकी या तापट पाच मीटरांसाठी असतात.

पहिलं नवल श्वासाचं. सिनेमातला नायक बोरूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्यात लपतो आणि शत्रू निघून जाईपर्यंत आरामात श्वास घेत राहतो. काडी हातभर लांब असेल तर हे जमेल. मीटरभर लांब असेल तर जमणार नाही. एक मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला एक टन भारानं दाबत असतं. छातीच्या नुसत्या पुढच्या भागावरच शंभर किलोच्या घरातला भार येतो. काडीतून येणारी हवा मात्र वरच्या, साध्या दाबाची. बरगड्यांमधल्या स्नायूंनी हा भार उचलून छाती फुगवायची म्हटली तर चार-दोन श्वासांतच ते हार मानतात. तेव्हा पाण्याखाली नुसती हवा पोचवून भागत नाही. बाहेरचं पाणी ज्या दाबानं छातीला दाबतंय, बरोबर त्याच दाबाची हवा आत यावी लागते. आणि माणूस वर-खाली होईल तसतसा हा दाब क्षणाक्षणाला बदलावा लागतो.

हे करणारं यंत्र मुठीत मावतं. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवतात तसाच हा, पण कितीतरी हुशार. डायव्हरच्या पाठीवरच्या नेहमीच्या सिलिंडरची पोकळी सुमारे अकरा लिटरची असते आणि त्यात हवा भरलेली असते २०० बार दाबानं. म्हणजे मोकळी सोडली तर जवळजवळ २,२०० लिटर. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा प्रचंड दाब भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बारनं जास्त, इतका खाली आणतो. दुसरा टप्पा तोंडात धरलेला असतो. त्यात रबराचा एक लवचीक पडदा आहे. त्याच्या बाहेर पाणी, आत हवा. तुम्ही श्वास ओढलात, की पडदा आत झुकतो, एक तरफ दाबली जाते, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा आत येते. ओढणं थांबवलंत की झडप बंद. यात ना बॅटरी, ना संगणक. खोली किती आहे हे त्या पडद्याला पाणीच सांगतं.

या कल्पनेचं मूळही गॅसच्या रेग्युलेटरमध्येच आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता आणि पेट्रोल मिळेनासं झालं होतं. एमिल गान्यां नावाच्या अभियंत्यानं मोटारी गॅसवर चालवता याव्यात म्हणून एक झडप तयार केली होती. झाक-इव्ह कुस्तो या नौदल अधिकाऱ्यानं तीच पाण्याखाली श्वासासाठी वापरता येईल का, असं विचारलं. १९४३ च्या हिवाळ्यात पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं असताना यंत्र ठीक चाले; उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई आणि डोकं खाली केलं की श्वास अडे. हवा आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर होती, एवढाच दोष. तेवढ्या थोडक्या उंचीतला दाबाचा फरकही यंत्राला चकवून गेला होता. दोन्ही तोंडं एका पातळीवर आणली आणि नवी चाचणी घेतली ती पॅरिसमधल्याच एका पाण्याच्या टाकीत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुस्तो हे यंत्र घेऊन भूमध्य समुद्रात उतरला. म्हणजे नदी, मग टाकी, मग समुद्र. आज नवशिके ज्या वाटेनं जातात ती यंत्रानं त्यांच्याआधी चालून घेतली आहे.

आता तलावात उतरू. शिक्षक पहिला नियम सांगतो: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. ज्यांना चांगलं पोहता येतं त्यांनाच हा नियम सगळ्यात जड जातो, कारण लहानपणापासून पाण्यात तोंड घातलं की श्वास धरायचा हेच त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ते त्यांच्यासाठी बरोबरही होतं. काठावर छाती भरून घेऊन तुम्ही तळाशी गेलात तर आतली हवा आक्रसते आणि वर आलात की मूळ आकारावर येते. पण तीन मीटरवर रेग्युलेटरमधून छाती भरून घेतलेली हवा आधीच १.३ बार दाबाची असते. ती धरून वर आलात तर सहा लिटरची पावणेआठ लिटर होऊ पाहते. एवढी जागा बरगड्यांच्या आत नसते. फुप्फुसाच्या ऊतीला वेदना जाणवत नाही, त्यामुळे धोक्याची सूचनाही मिळत नाही. बारीक वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि थेट मेंदूपर्यंत पोचू शकतात. भरल्या छातीनं सव्वा मीटरच्या आसपास वर येणंही याला पुरेसं ठरू शकतं. बुडालेलं माणूस वर काढताना आपण ‘वर, वर’ म्हणत असतो. स्कूबामध्ये घाईनं वर येणं हीच आपत्ती असू शकते.

म्हणून तलावात एक मजेशीर सराव करून घेतात. हवा संपली तर समुद्रात वर कसं यायचं, याचा. श्वास सोडत, तोंडानं सतत ‘आ’ असा आवाज काढत वर जायचं, म्हणजे फुगणारी हवा आपोआप बाहेर पडत राहते. पण हा सराव उभ्यानं नऊ मीटर करायला तलाव तेवढा खोल कुठे असतो? मग नवशिका तळालगत आडवा पोहत जातो आणि नऊ मीटर संपेपर्यंत एकाच श्वासात ‘आ’ चालू ठेवतो. तलावाची लांबी खोलीचं सोंग घेते.

दुसरा धडा कानांचा. तीन मीटरवर कानाच्या पडद्यावर जास्तीचा दाब पडतो तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीनशे ग्रॅम. पडद्याचं क्षेत्रफळ जेमतेम अर्ध्या चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे कागदासारख्या पातळ पडद्यावर दीडशे ग्रॅमचा भार! घाटातून गाडी उतरताना कानाला दडे बसतात, त्याचंच हे उग्र रूप. उपाय मात्र हाताशी आहे. मध्यकर्णापासून घशामागे जाणारी एक अरुंद नळी असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं, की तिच्या वाटे हवा कानात जाते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सतराव्या-अठराव्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ आन्तोनियो व्हाल्साल्वा याचं नाव या युक्तीला आहे. ती दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी, मीटरभर खाली गेलं की करायची असते. सर्दी झाली असेल तर ही नळी सुजून बंद असते. मग फुंकून फुप्फुसांतला जोर संपतो, कान उघडत नाहीत. अशा दिवशी बुडी रद्द. यात शौर्य दाखवायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही.

तिसरा धडा मास्कचा, आणि इथेच भल्याभल्यांची भंबेरी उडते. मास्क मुद्दाम पाण्यानं भरून घ्यायचा आणि पाण्याखालीच तो रिकामा करायचा. शास्त्र सरळ आहे. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान थोडी वर करायची, नाकानं श्वास सोडायचा. हवा हलकी म्हणून वर साठते आणि पाण्याला खालच्या कडेतून बाहेर ढकलते. दोन श्वासांत मास्क कोरडा. अडचण शास्त्रात नाही, शरीरात आहे. नाकाला पाणी लागलं की घसा आपसूक आवळतो. नाकातोंडात पाणी जाऊन जीव घुसमटण्याची भीती आपल्यात जन्मजात आहे. नाक पाण्यात आणि श्वास तोंडानं, हे दोन्ही एका वेळी चालू शकतं हे मेंदूला पटवावं लागतं, आणि ते वाचून पटत नाही. गार पाणी चेहऱ्याला लागलं की आणखी एक गोष्ट घडते. चेहऱ्यावरचे मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. सील आणि देवमासे यांच्यात ही प्रतिक्रिया फार तीव्र असते. आपल्यात ती थोडीशी शिल्लक आहे. तेव्हा घाबरलेल्या माणसाच्या अंगात एकाच वेळी दोन हुकूम सुटलेले असतात. भीती म्हणते ठोके वाढव, पाणी म्हणतं कमी कर. सराव वाढला की पाण्याचं ऐकलं जातं.

मास्क नसेल तर खाली सगळं धूसर का दिसतं? डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवण्याचं बहुतेक काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो. पण त्याची आणि पाण्याची प्रकाश वाकवण्याची ताकद जवळपास सारखी असल्यानं पाण्यात तो निकामी होतो. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा ठेवतो आणि नजर परत येते, मात्र थोडी फसवी होऊन. वस्तू एक तृतीयांशानं मोठ्या आणि तीन-चतुर्थांश अंतरावर भासतात. तळाशी पडलेली किल्ली उचलायला गेलेला हात आधी पाण्यालाच पकडतो.

कानही फसतात. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. पाण्यात सुमारे १,५०० मीटर. आवाज कुठल्या बाजूनं आला हे आपल्याला कळतं, ते तो एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो म्हणून. पाण्यात हा फरक चौपटीहून जास्त घटतो, शिवाय आवाज कवटीच्या हाडांतूनही आत येतो. शिक्षक सिलिंडरवर टकटक करतो ती ऐकू लख्ख येते, पण ती डावीकडून आली की उजवीकडून, सांगता येत नाही. म्हणून गिरकी घेऊन त्याला शोधायचं आणि हातांच्या खुणांनी बोलायचं. त्यातही अंगठा वर करून ‘मस्त चाललंय’ म्हणायला जाल तर पंचाईत होईल. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’ असा आहे, आणि शिक्षक तुम्हाला खरोखरच वर घेऊन जाईल.

आणि मग सगळ्यात सुंदर धडा येतो: अधांतरी थांबणं. तळाला टेकायचं नाही, पृष्ठभागावर यायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. पाण्याच्या मधोमध मांडी घालून अर्धा-एक मिनिट नुसतं असायचं. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे आपण जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढ्या वजनाची उचल मिळते. अंगात घातलेल्या बीसीडी नावाच्या जाकिटात थोडी हवा भरून ही उचल आणि आपलं वजन बरोबरीत आणायचं. उरलेलं बारीक काम श्वासाचं. छातीत एक लिटर हवा जास्त घेतली की एक किलोची उचल वाढते. दीर्घ श्वास घेतला की शरीर सावकाश वर चढतं, सोडला की उतरतं. पण लगेच नाही! श्वास आणि हालचाल यांत क्षण-दोन क्षण जातात. अधीर माणूस तेवढ्यात आणखी श्वास घेतो आणि छताकडे सुटतो.

हा तोल मुळात डळमळीत आहे. जरासं वर गेलं की दाब कमी होतो, जाकिटातली हवा फुगते, उचल वाढते, म्हणून आणखी वर. जरासं खाली गेलं की सगळं उलट. आणि हे फुगणं-आक्रसणं उथळ पाण्यात सगळ्यात जोरात होतं, हे आपण पहिल्या गणितात पाहिलंच. त्यात सिलिंडरमधली हवाही वजनदार असते. २,२०० लिटर हवा भरते अडीच किलोच्या वर. ती वापरून संपत येते तशी माणसाची उचल वाढत जाते. हवेला वजन असतं हे प्रयोगशाळेत तराजूवर सिद्ध करून दाखवतात. इथे ते कमरेच्या शिशाच्या पट्ट्यात जमेला धरावं लागतं.

या अधांतरी अवस्थेची किंमत अंतराळवीरांनीही ओळखली. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए यानातून यूजीन सर्नन अवकाशात बाहेर आला आणि साध्यासाध्या कामांनी थकून गेला. पकडायला काही नाही, पाय रोवायला जागा नाही. स्क्रू फिरवायला जावं तर स्वतःच फिरावं. घामानं आणि वाफेनं त्याच्या शिरस्त्राणाची काच धुरकटली. त्यानंतर बझ ऑल्ड्रिनची तयारी करून घेण्यात आली ती अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातल्या मॅकडोनो नावाच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात. ऑल्ड्रिन स्वतः हौशी स्कूबा डायव्हर होता. पाण्यात तोल साधून कुठे पाय अडकवायचे, कुठे हात धरायचा, किती संथपणे हलायचं हे त्यानं तिथे गिरवलं. नोव्हेंबर १९६६ च्या जेमिनी १२ मोहिमेत त्यानं यानाबाहेर तीन वेळा मिळून साडेपाच तास काम केलं, फारसं न थकता. शाळेच्या तलावात सिद्ध झालेली ही रीत पुढे नासाची रूढ पद्धत बनली. आज ह्यूस्टनला त्यासाठी ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल तलाव आहे. त्यात अंतराळस्थानकाच्या भागांच्या प्रतिकृती बुडवून ठेवलेल्या असतात.

आपल्याकडे सिंधुदुर्गात तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत खास डायव्हिंगसाठी बांधलेला खोल तलाव आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तलाव कशाला बांधला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर समुद्रातल्या बुडीच्या शेवटी मिळतं. पंधरा-वीस मीटरवर प्रवाळ आणि मासे पाहून झाले, की डायव्हर सरळ वर येत नाही. पाच मीटरवर तो तीन मिनिटं थांबतो, रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. आणि ही तीन मिनिटं अवघड असतात. सिलिंडर हलकं झालेलं, जाकिटातली हवा फुगायला टपलेली, लाटांची ओढ, आणि धरायला काही नाही. खोली किती? सूर मारायच्या तलावाएवढी. समुद्रातली बुडी संपते ती तलावाच्या खोलीतच, आणि तिथे मांडी घालून अधांतरी थांबण्याचा तोच कंटाळवाणा धडा कामी येतो. तलावाहून समुद्रात जाताना एकच हिशेब बदलतो. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड असतं, म्हणून साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या माणसाला कमरेला आणखी अडीच किलो शिसं बांधावं लागतं.

मालवणला किंवा गोव्यात पर्यटक ज्या छोट्या बुड्या मारतात, त्या बहुतेक याच उथळ पट्ट्यात असतात. शिक्षक सोबत असतो, पोहता येत नसलं तरी चालतं, आणि फोटो छान येतात. यात वाईट काही नाही. फक्त ‘पाणी उथळ आहे, घाबरू नका’ असं कोणी म्हणालं तर अर्धंच ऐका. घाबरू नका, हे खरं. पण श्वास चालू ठेवायचा, कान दुखायच्या आधी उघडायचे आणि वर येताना घाई करायची नाही, हे तीन नियम तिथेच सगळ्यात काटेकोर पाळायचे असतात. जमलं तर कोकणात निघण्याआधी प्रशिक्षित शिक्षकाबरोबर एखाद्या तलावात तासभर सराव करा. दमा किंवा फुप्फुसांचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सर्दी झाली असेल, तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, त्या दिवशी काठावरच बसा.